डॉक्टर नाही, मास्तर नाही

अमरावतीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत असे. बेडूक, झुरळ, गांडूळ ही माझी रोजची मंडळी. फॉर्मॅलिनचा वास लुगड्याला इतका बसलेला असायचा की एस.टी.त शेजारची बाई पदर नाकाला लावून सरकून बसे. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. माझ्या जिवाला घोर लावला तो दुसऱ्याच एका कामाने, आणि ते काम मला कोणी नेमून दिलेलं नव्हतं. आमचे प्राचार्य म्हणायचे, "बाई, तुम्हाला स्वस्थ बसायला काय होतं?"

छप्पन्न सालानंतर आमच्या वर्गातले चेहरे बदलू लागले. बौद्ध घरांतली मुलं येऊ लागली. कॉलेजची पायरी चढणारी त्यांच्या घरातली ती पहिलीच. अचलपूर-परतवाड्याकडची मुसलमान मुलं आधीपासून होती, आता त्यांची एखादी बहीणही दिसू लागली. ही मुलं प्रॅक्टिकल बुडवत नसत, जर्नल वेळेवर देत, आणि बी.एस्सी. झाली की शाळेत मास्तर नाहीतर कचेरीत कारकून होत. भरपूर मार्क पडले तर नागपूरला मेडिकलला. याखेरीज आणखी एक वाट आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

ती वाट रोगांवरच्या संशोधनाची. डॉक्टर आजाऱ्याला औषध देतो. पण तो आजार मुळात होतो कशाने, रक्तात नेमकं काय बिघडतं, डासाच्या पोटात जंतू कसा वाढतो, हे शोधणारी माणसं वेगळी असतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती वर्षानुवर्षं बसतात आणि पुष्कळदा हाती काहीच लागत नाही. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे डॉक्टर नाई?"

"नाही."

"मास्तर?"

"तेही नाही."

"मंग पोट्ट्याचं लगन जमवतानी सांगाचं काय?"



तरी मी मुलं हेरत राहिले. हुशारीपेक्षा मी हात आणि डोळे पाहायचे. वर्गाची घंटा झाल्यावरही जो सूक्ष्मदर्शकावरून उठत नाही, तो माझा. अशी थोडीच सापडली. त्यांतल्या दोघांची गोष्ट सांगते, कारण त्या दोघांच्या काळजीने माझे केस पिकले.

नसीम अचलपूरची. वडील करीमभाई कापडाचे व्यापारी. ती अमरावतीत मामाकडे राहून शिकत होती. बुरखा घालून यायची, प्रयोगशाळेच्या दारामागच्या खुंटीला तो अडकवायची आणि कामाला लागायची. तिच्या हाताला कंप नव्हता. डासाची सोंड सोडवून काचपट्टीवर रंगवून ठेवणं हे काम मला स्वतःला जेमतेम जमे, ती गप्पा मारत करायची.

नामदेव इंगळे अकोल्याचा. वडील सखाराम इंगळे तिथे कापसाच्या जीनमध्ये, सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कामाला. नामदेव वसतिगृहात राहायचा. बोलायचा कमी, आणि बोलला तर प्रश्नच विचारायचा. रक्ताच्या प्रॅक्टिकलला त्याने स्वतःच्या बोटाला सुई टोचून थेंब घेतला आणि पाहता पाहता म्हणाला, "बाई, हे समदे थेट गोल काहून असतात?" इतकी वर्षं शिकवत होते, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली तरी नामदेव परतला नाही. आला तेव्हा चेहरा उतरलेला. त्याची धाकटी बहीण कमल अकोल्याच्या दवाखान्यात होती. हातपाय इतके दुखत की पांघरुणाचा भार सोसवत नव्हता. डोळे पिवळे. लहानपणापासून असंच होत आलेलं. घरचे वात म्हणायचे, वैद्य वात म्हणायचे.

मी मूळची अकोल्याची. रविवारी मी त्याच्याबरोबर गेले. कमल खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. आठवीतली मुलगी, पण अंगाने त्याहून लहान दिसे. नामदेवने माझी ओळख करून दिली तशी तिने मान वळवली.

"तुमीच त्या बेडकाच्या बाई?"

"हो, मीच."

"बेडकाचं रक्त लाल असते का हिरवं?"

"लालच असतं."

"दादा पैज जिंकला मंग," ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. दुखत असूनही ती हसली होती.

दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत डॉ. सबनीस म्हणून एक तरुण डॉक्टर नागपूरहून नुकते आले होते. त्यांनी कमलच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि कडा व्हॅसलीनने बंद केल्या. आतली हवा संपू द्यायची आणि मग पाहायचं, एवढीच परीक्षा. आम्ही व्हरांड्यात थांबलो. त्यांनी हाक मारली तेव्हा नामदेव माझ्याआधी आत गेला. बराच वेळ त्याने डोळा काढला नाही. मग बाजूला होऊन मला जागा दिली.

रक्तातल्या पेशी गोल असतात. कमलच्या पेशी वाकल्या होत्या, विळ्याच्या पात्यासारख्या, टोकदार. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचं रक्त अडतं, म्हणून ती कळ. आईकडून अर्धा दोष आणि वडिलांकडून अर्धा असा दोन्हीकडून आला की माणूस आजारी पडतो. एकीकडूनच आला तर त्याला सहसा काही होत नाही, पण तो पुढे देऊ शकतो. डॉ. सबनीसांनी हे सगळं हलक्या आवाजात सांगितलं.

"औषध?" नामदेवने विचारलं.

"आज तरी नाही."

नामदेवने बाही वर केली. त्याच्याही थेंबातल्या काही पेशी वाकल्या. म्हणजे अर्धा दोष त्याच्यातही होता.

हे वडिलांना सांगणं माझ्याकडे आलं. सखारामजी जीनमधून तसेच आले होते, केसांवर, भुवयांवर कापसाचे तंतू. मला वाटलं, शास्त्र नीट समजावून सांगितलं की झालं. मी सांगत गेले आणि त्यांचा चेहरा घट्ट होत गेला.

"बाई, लोकं आमच्या सावलीले बाटत होते. आत्ता कुठं मान वर केली आमी. अन् आता तुमी सांगता का आमचं रक्तच खोटं हाय?"

"तसं नाही, सखारामजी. हा आजार आहे. जातीचा..."

"आजार माह्या पोरीले हाय. रक्ताचं म्हनता तवा समद्यायचं म्हनता तुमी." ते उठले. "पोट्ट्याले शिकवा. पन हे त्याच्या डोक्यात भरू नोका."

मी परतीच्या बसमध्ये बसले. त्यांचं चुकलं होतं असं मला म्हणता येईना. शास्त्रातली गोष्ट खरी असली तरी ती कोणाच्या तोंडून कोणाच्या कानात पडते याने तिचा अर्थ बदलतो, हे मला तोवर कळलं नव्हतं. उद्या कोणी अर्धशिक्षित माणूस हेच वाक्य उचलून भलतीकडे वापरणार नाही कशावरून? मी या मुलाला ज्या वाटेवर ढकलत होते ती त्याच्याच घरावरून जात होती.

प्रयोगशाळेत मात्र वेगळंच घडलं. नामदेवने नसीमला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिने काहीही न विचारता आपलं बोट पुढे केलं. "पहले मेरा देखो." मग मी दिलं. मग वर्गातल्या एकेकाने दिलं, काहींनी हसत, काहींनी डोळे मिटून. आमच्या वर्गात नामदेवखेरीज कोणाच्या पेशी वाकल्या नाहीत. पण डॉ. सबनीसांनी दवाखान्यातले आजारी तपासायला घेतले तेव्हा मेळघाटातून आलेल्या मजुरांत, चांगल्या शेतीवाडीच्या घरांत, निरनिराळ्या जातींत तेच निघालं. मी मुद्दाम अकोल्याला जाऊन सखारामजींना हे सांगितलं. त्यांनी ऐकलं, चहा दिला आणि दुसरंच बोलत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका संशोधन संस्थेत बी.एस्सी. झालेली मुलं हाताखाली शिकायला घेणार होते. मी दोघांनाही अर्ज करायला लावले, आणि दोघांनाही मुलाखतीचं बोलावणं आलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला.

आधी करीमभाई. ते अचलपूरहून आले आणि माझ्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसले. अतिशय मृदू माणूस, म्हणूनच त्यांना नाही म्हणणं अवघड होतं.

"बाई, तुमी म्हनता ते समदं बराबर. लडकी होशियार हाय, मले मालूम हाय. पन बंबईत ती कोनाच्या भरोशावर राहीन?"

"माझी मावसबहीण माटुंग्याला असते. तिच्याकडे राहील."

"अन् तुमची बहीन बिमार पडली तर? बदली झाली तर?" थोडं थांबून त्यांनी विचारलं, "बाई, तुमी अकेल्या राहता ना? भीती नाई वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "रोज वाटते. पण काम आवडतं."

त्यांनी टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, "मुलाखतीले घेऊन जा. पुढचं अल्लाच्या मनात."

आणि नामदेवची काळजी निराळी. निवड झाली तर तब्येतीची तपासणी होणार. त्यात त्याच्या रक्ताचं निघालं आणि कोणी नापसंतीचा शेरा मारला तर? अर्ध्या दोषाने माणूस आजारी नसतो, हे किती डॉक्टरांना तेव्हा ठाऊक होतं? तो विचारायचा, "बाई, सांगू का नोको?" मी म्हणायचे, विचारलं तर खोटं बोलू नकोस. तो म्हणायचा, "अन् नाई विचारलं तर?"

आम्ही तिघं मुंबईला गेलो. मुलाखतीच्या खोलीबाहेर लाकडी बाक होता. आधी नामदेवला बोलावलं. दार जाड होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं. तो बाहेर आला तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"सांगितलं," तो म्हणाला.

"विचारलं त्यांनी?"

"नाई. त्यांनी विचारलं, रक्ताच्या रोगाचाच विषय काहून पायजे? मंग काय सांगू बाई? म्हटलं, बहिणीला पूर्ण आहे, अर्धा मला आहे. एक जण म्हणाले, मग तब्येतीच्या तपासणीचं काय? मी म्हटलं, तपासा. मीबी तेच कराले आलो."

"मग?"

"मंग काय. जा म्हणाले."

मी काही म्हणायच्या आत नसीमला हाक आली. ती गेली आणि जवळजवळ लगेच परत आली. हातात तिने रंगवून आणलेल्या काचपट्ट्यांची लाकडी पेटी तशीच बंद.

"त्यांनी विचारलं, शादी कधी. मी म्हटलं, ठरली नाही. ते म्हणाले, ठरल्यावर तर काम सोडशीलच ना." तिचा आवाज स्थिर होता, पेटी धरलेली बोटं पांढरी पडली होती. "माझ्या काचा कोणी पाहिल्याच नाहीत, बाई."

मी आयुष्यात मोठ्या माणसांसमोर आवाज चढवलेला नाही. तेव्हाही चढवला नाही. तिच्या हातून पेटी घेतली आणि दार लोटून आत गेले. टेबलापलीकडची सगळी माणसं वर पाहू लागली.

"आपण?"

"त्या मुलीची शिक्षिका. या काचा पाहायच्या राहून गेल्या."

एकाने कपाळाला आठ्या घातल्या. पण मधोमध बसलेले वृद्ध गृहस्थ उठले, कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकापाशी गेले आणि एक काच ठेवली. मग दुसरी. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि तिसरी ठेवली. मी उभीच होते, कोणीतरी बसा म्हणावं असं वाटत होतं. कोणी म्हटलं नाही.

"तिला पुन्हा आत पाठवा," ते म्हणाले. "आता कामाचं विचारू."

या वेळी ती लवकर बाहेर आली नाही. मी बाकावर बसून राहिले.

निकालाची वाट पाहण्यात उन्हाळा गेला. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात माणसाला धड विचारही करता येत नाही, तरी मी पोस्टमनच्या वेळेला वाळ्याच्या ताटीजवळून उठून फाटकापाशी उभी असायचे. नसीमला हंगामी जागा मिळाली, पुढे ती कायम झाली. लग्नही तिने केलं, मुंबईतच, आणि काम सोडलं नाही. नामदेवला घेतलं ते त्या वृद्ध गृहस्थांच्याच हाताखाली. तब्येतीच्या तपासणीचं काय झालं हे मला कधी कळलं नाही, मीही विचारलं नाही. दोघांना गाडीत बसवायला आम्ही बडनेऱ्याला गेलो. करीमभाई आणि सखारामजी फलाटावर एकाच बाकड्यावर बसले होते, मध्ये पाण्याची सुरई. दोघंही गाडी यायच्या दिशेने पाहत होते.

त्या हिवाळ्यात कमल गेली.

मला कळलं तोवर नामदेव मुंबईहून येऊन पोचला होता. मी अकोल्याला वस्तीत गेले तेव्हा घरासमोर सतरंजी अंथरलेली. सखारामजी भिंतीला टेकून बसले होते. काय ऐकावं लागणार याची मी मनात तयारी करून गेले होते. तुमच्या त्या शोधाने माझी पोरगी वाचली का, असं त्यांनी विचारलं असतं तर मी मान खाली घातली असती. नामदेव कोपऱ्यात होता. तो हळूच म्हणाला, "बाई, मी आता परत जात नाई. इथंच मास्तरकी पाहीन. आईजवळ कोनी पायजे."

त्या घरात त्या दिवशी त्याला जा म्हणायचा हक्क मला नव्हता.

सखारामजी माझ्याकडे वळले. "बाई, तुमच्याजवळ ते सुई-काच हाय का?"

मला कळेना.

"पोरगी शेवटी म्हने, दादाले सांगा, तिकडं मुंबईत लवकर औषध शोध." ते उठले. "वस्तीत अजून पोरं हायेत. कोनाचे हात सुजतात, कोनाचे डोये पिवळे. मी लोकायले सांगितलं हाय. आधी माह्यं घ्या."

डॉ. सबनीसांना निरोप गेला, ते सुया आणि काचा घेऊन स्वतः आले. विहारापुढच्या निंबाखाली टेबल मांडलं. पहिला थेंब सखारामजींचा, दुसरा नामदेवच्या आईचा. मग माणसं येत गेली. काही जण दुरूनच पाहत उभे होते, आणि मला त्यांचीच जास्त भीती वाटत होती. उद्या कोणाची सोयरीक मोडली तर? कोणी कोणाला रक्तावरून बोललं तर? मी बोटं टोचत होते आणि मनातल्या मनात माफी मागत होते, कोणाची ते मला माहीत नव्हतं.

नामदेव सूक्ष्मदर्शकावर बसला होता. दुसऱ्या दिवशी काचा पाहून झाल्या तेव्हा एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. पोराची बोटं सुजलेली होती.

"याले भी तेच हाय का, भाऊजी?"

मी नामदेवकडे पाहिलं. मला वाटलं, हा आता डॉक्टरांकडे बोट दाखवील.

"हाय, वहिनी," तो म्हणाला. "पानी लय पाजत जा. थंडीत उघडं ठेवू नोका. ताप आला का घरी थांबू नोका, तडक दवाखान्यात आना."

"अन् बरं?"

त्याने काच काढून पुसली.

"बरं करनं मले येत नाई अजून. कोनालेच येत नाई. तेच शिकाले परत जाऊन राहिलो."

तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं, त्याचा सुजलेला हात पदराखाली झाकला आणि नामदेवकडे सरळ पाहिलं.

"लवकर शिकसान," ती म्हणाली.